आरोलकर मॅडमचा संशय

आरोलकर मॅडम सावंतवाडीत आल्या तेव्हा त्यांच्यावर पहिला संशय मी घेतला. मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात उभी हयात काढलेली डॉक्टरीण पन्नाशी उलटल्यावर आमच्या इथल्या छोट्या खासगी इस्पितळात कशाला येईल? काहीतरी भानगड असणार. त्या इस्पितळाच्या तळमजल्यावर माझं औषधांचं दुकान. समोरच्या टपरीवर चहा पिता पिता आम्ही ठरवूनच टाकलं, की बाईंना तिकडून काढलंय. कोणी म्हणालं चौकशी चालू आहे, कोणी म्हणालं पेशंट दगावला. खरं काय ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि मॅडम ते सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

पहिल्याच दिवशी त्या दुकानात शिरल्या. उंच, सडसडीत, करडे केस मागे घट्ट बांधलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पायात पुरुषांसारखे जाड पट्ट्यांचे सँडल. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"प्रभू ना तुम्ही? फ्रीज उघडा."

मी उघडला. त्यांनी इन्सुलिनच्या खोक्यांमागे हात घातला आणि तसाच ठेवला, जणू फ्रीजची नाडी बघत होत्या.

"काल वीज गेली होती?"

"मॅडम, भारनियमन आहे. जातेच. पण थंडावा टिकतो आत."

"कशावरून?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच एक थर्मामीटर घेऊन आल्या, फ्रीजमध्ये दोऱ्याने टांगला, आणि वीज गेली की बाहेरच्या कोपऱ्यावरच्या मासेवालीकडून बर्फ आणून आत ठेवायचा, असं मला बजावून गेल्या. माझा संशय आणखी वाढला. बाईंचं दुसऱ्या कुठल्या दुकानाशी साटंलोटं असणार आणि माझं दुकान इथून उठवायचा डाव असणार, असं मी घरी बायकोला सांगितल्याचं आठवतं.

हळूहळू कळलं, की त्यांचा संशय माझ्यापुरता नव्हता. तो सगळ्यांवर सारखा होता. सिस्टर म्हणाली, "पेशंट झोपलाय," की त्या विचारणार, "कशावरून?" आणि जाऊन त्याला उठवून नाव विचारणार. लॅबवाल्याने रिपोर्ट दिला की, "हे रक्त ह्याच माणसाचं कशावरून?" इस्पितळाचे मालक मोठे डॉक्टर, सर्जन, मवाळ माणूस. तेसुद्धा त्यांना टाळून मागच्या जिन्याने जायचे. वॉर्डबॉय मंडळींनी त्यांचं नाव ठेवलं होतं सीआयडी बाई.

त्यांच्या संशयाचा एकदा मला फार मोठा अर्थ कळला. दोडामार्गकडचा एक केळी-बागायतदार बायकोला घेऊन आला होता. आपल्याला चक्कर येते म्हणत होता. रक्तदाबाची गोळी नियमित घेतो, म्हणाला. मॅडमनी विचारलं, "गोळी कुठल्या रंगाची?" तो बरोबर सांगू लागला. "चघळून खाता की गिळता?" गिळतो म्हणाला. "अख्खी?" इथे तो जरासा अडखळला आणि बायकोने डोक्यावरचा पदर नीट केला. मॅडमची नजर लगेच तिच्याकडे वळली.

"बाई, तुम्ही सांगा."

बाईने मान खाली घातली. "अर्धी मी घेतंय. माका पण घुमता. म्हटलंय, घरात गोळी आसाच तर..."

मॅडमनी नवऱ्याला उठवलं, खुर्चीत तिला बसवलं आणि तिचा रक्तदाब मोजला. तो नवऱ्यापेक्षा कितीतरी जास्त होता. औषध न्यायला दोघं दुकानात आली तेव्हा तो बागायतदार मला हळूच म्हणाला, "ह्या बायेक कसां कळला?" मला तरी काय माहीत?

बाहेरच्या कोपऱ्यावरची मासेवाली, जिच्याकडून मी बर्फ आणायचो, ती सुंदराकाकी. वेंगुर्ल्याकडची. तिचा मुलगा गणपत बंदरावरून टेम्पोत मासळी भरून आणायचा, आणि सुंदरा इस्पितळाच्या फाटकाशी फळीवर मांडून बसायची. हिरवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, तोंड सदैव चालू. मॅडमचं नि तिचं रोज सकाळी वाजायचं. मॅडम वाकून माशाचे कल्ले उचकटून बघायच्या.

"ताजा आहे?"

"आताच उतरलो होडयेतसून."

"कशावरून?"

"बांगड्यान माका सांगल्यान, बाय! तुका नाय सांगूचो, तू तेका चिमटे काढतंस."

मग भाव. मॅडम बेधडक अर्ध्या किमतीला मागायच्या, आणि सुंदरा अंगावर पाल पडल्यासारखी ओरडायची, "तोंडार शिरा पडो तुज्या! डॉक्टरीण मां तू? गरिबाचो गळो कापतंस!" येणारे-जाणारे थांबून ऐकायचे. शेवटी मधल्या कुठल्यातरी आकड्यावर दोघी थांबायच्या, आणि मॅडम पिशवी घेऊन गंभीर चेहऱ्याने वर जायच्या. सुंदराने कधी एका बोलण्यात मासा दिलाय, असं कोणी पाहिलं नव्हतं.

शहरात नवीन सीटी स्कॅनचं मशीन आलं त्या सुमारास मॅडमनी मला एक महाग इंजेक्शन मागवून ठेवायला लावलं. अर्धांगाचा झटका आल्यावर पहिल्या तीन तासांत दिलं, तर मेंदूच्या नळीत अडकलेली गुठळी विरघळवणारं. तोवर आमच्याकडे अर्धांग म्हटलं की मालीश आणि नशीब, एवढंच होतं. हे इंजेक्शन माणसाच्या वजनावर बेतून द्यायचं असतं. आणि झटका आलेला माणूस काट्यावर उभा कसा राहणार? नातेवाईक अंदाजाने वजन सांगतात, आणि अंदाजावर मॅडमचा किती भरवसा, ते सांगायला नको. त्यांनी शेजारच्या काजूच्या व्यापाऱ्याकडून बियांची पोती तोलायचा जमिनीवरचा काटा इस्पितळात आणवला. आधी त्यावर वजनाची मापं ठेवून काट्याचीच परीक्षा घेतली. मग रिकामी स्ट्रेचर तोलून तिचं वजन भिंतीवर लिहून ठेवलं. व्यापारी मला म्हणाला, "प्रभूनू, बाय काजूचो धंदो करूक इली की काय?"

ते इंजेक्शन दोघांना दिलं गेलं होतं. एकाला गुण आला, एकाला काहीच फरक पडला नाही. त्यानंतरची गोष्ट सुंदराची.

दोन हजार सातच्या नोव्हेंबरातली सकाळ. मी दुकानाचं शटर वर करून सुंदराकडे पापलेट बघायला गेलो होतो. लहान मागितली म्हणून तिने मला नेहमीची शिवी दिली, तराजू उचलला, आणि तो तिच्या हातातून गळून पडला. तिने उजव्या हाताकडे बघितलं, तो जणू दुसऱ्याचा असावा तसं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बोलायला गेली तर नुसता घोगरा आवाज. गणपत टेम्पोतून बर्फाची लादी उतरवत होता, ती टाकून तो धावला.

मॅडम तेवढ्यात रिक्षातून उतरत होत्या.

"कधी झालं?"

"आत्ताच, माझ्यासमोर," मी म्हणालो.

"आत्ताच कशावरून? त्याआधी बोलणं ठीक होतं?"

"मला शिवी दिली, मॅडम."

"काय म्हणाली? शब्द सांगा."

"तोंडार शिरा पडो."

"स्पष्ट?"

"एकदम स्पष्ट."

"बरं झालं," असं म्हणून त्या आत पळाल्या. मला तेव्हा राग आला. काय बरं झालं? पण झटका नेमका कधी आला, हे कळल्याशिवाय ते इंजेक्शन देता येत नाही. सुंदराच्या शिवीने ती वेळ पक्की झाली होती.

स्कॅन झाला. डोक्यात रक्तस्राव नव्हता, म्हणजे गुठळीच. सुंदराला स्ट्रेचरसकट काजूच्या काट्यावर ठेवलं. मॅडमनी तिची कमरेची पिशवी उलटी करून बघितली, रक्त पातळ करणारी एखादी गोळी ती घेत नाही ना म्हणून. तंबाखू, सुपारी, चुन्याची डबी एवढंच निघालं. मग त्यांनी गणपतला समोर उभं केलं.

"नीट ऐक. आईच्या मेंदूत गुठळी अडकली आहे. हे औषध ती विरघळवेल. पण औषधाला गुठळी कुठली आणि जखमेवरची खपली कुठली, हे कळत नाही. काही माणसांना यामुळे मेंदूत रक्तस्राव होतो. त्यात माणूस जाऊ शकतं."

गणपत तिशीचा, आडव्या बांध्याचा. माशांचा वास येणारे हात शर्टाला पुसत तो म्हणाला, "आनि नाय दिलां तर?"

"तर हात आणि बोलणं बहुतेक असंच राहील."

"तुमची आवस असती तर?"

"दिलं असतं. आणि तिच्याही उशाशी अशीच संशय घेत बसले असते."

त्याला हे पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण आईचं वाकडं तोंडही त्याला बघवत नव्हतं. "द्या," तो म्हणाला.

थोडं औषध एकदम आणि बाकीचं पंपावर तासभरात, असं ते जाणार होतं. मॅडम स्टूल ओढून खाटेला चिकटून बसल्या. लघवीची नळी घालायला आलेल्या सिस्टरला त्यांनी हातानेच परत पाठवलं. आता या अंगाला कुठेही टोचायचं नाही, खरवडायचं नाही. रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजत होत्या, डोळ्यांत बॅटरी मारत होत्या, हात उचलायला सांगत होत्या. आणि औषध अर्ध्यावर आलं असेल-नसेल, सुंदराचा उजवा हात उचलला गेला. आधी बोटं, मग मनगट.

"पानी," ती म्हणाली.

गणपत रडायलाच लागला. मॅडमनी मला पिटाळलं, "प्रभू, तिच्या पाटीतला एक मासा आणा." मी स्टीलच्या ट्रेमध्ये मासा घेऊन अतिदक्षता विभागात गेलो. माझ्या दुकानाच्या सगळ्या आयुष्यात असलं सामान मी वर पोचवलेलं नाही.

"हा कुठला?"

"सुरमय," सुंदरा म्हणाली. जड जिभेने, पण म्हणाली.

सिस्टर हसल्या. मोठे डॉक्टर दारात उभे होते, त्यांनी टाळी वाजवली. गणपत मॅडमच्या पायाशी वाकला. फक्त मॅडम हसल्या नाहीत. त्या सुंदराच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होत्या.

"कितीला देतेस?"

सुंदराने भाव सांगितला. मॅडमनी नेहमीप्रमाणे अर्ध्याला मागितली.

"व्हर," सुंदरा म्हणाली. म्हणजे, ने.

पुढच्या क्षणी मॅडमनी पंप बंद केला. आम्हाला कळेचना. सिस्टर म्हणाली, "मॅडम, अजून औषध शिल्लक आहे." मोठे डॉक्टर म्हणाले, "अहो, सुधारतेय ती, आता कशाला थांबवता?"

"ही बाई मला अर्ध्या किमतीत सुरमई देते आहे."

एक-दोघं हसले. त्यांना तो विनोद वाटला. मॅडमनी सुंदराच्या कानाशी तोंड नेलं. "सुंदरा, डोकं दुखतंय?" सुंदराने डावा हात उचलून कपाळावर दाबून धरला. रक्तदाब मोजला, तो भरकन चढला होता. तिला एका कुशीवर वळवेपर्यंत तिने भडभडून ओकलं, आणि डोळे मिटले.

पुन्हा स्कॅन. फिल्मवर सुपारीएवढा पांढरा डाग मलाही दिसला. सकाळच्या फिल्मवर तो नव्हता.

"इंजेक्शन दिल्यात आनि रक्त इला," गणपत म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

मॅडम कामाला लागल्या होत्या. सुंदराचं रक्त तपासायला धाडलं. माझ्या दुकानातून रक्त थांबवणारं इंजेक्शन मागवलं. एरवी ते मी दात काढलेल्यांना नाहीतर पाळीत फार रक्त जाणाऱ्या बायकांना देत असे. रक्तदाब हळूहळू खाली आणायचं औषध शिरेतून सुरू केलं, उशाकडची बाजू वर उचलली. गोव्याच्या मेंदूच्या सर्जनशी फोनवर बोलल्या. डाग वाढला नाही तर ऑपरेशन नको आणि रक्त थांबेपर्यंत गाडीतून हलवूही नका, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण ते थांबणार कसं? मला त्यांनी तेव्हाच समजावलं, "रक्त गोठायला लागणारा माल आपल्या औषधाने खाऊन टाकलाय, प्रभू. तो बाहेरून भरला पाहिजे." तो माल म्हणजे रक्तातून वेगळा काढून गोठवून ठेवलेला एक भाग. आमच्या जिल्ह्यात तो मिळत नव्हता. गोव्याच्या रक्तपेढीत होता.

इस्पितळाची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. मॅडम गणपतला म्हणाल्या, "तुझा टेम्पो आहे. तू आणि प्रभू जा."

"माका हयसून घालवतास?"

"हो. तू इथे उभा राहून तिचं रक्त थांबणार नाही."

मासळीच्या टेम्पोत त्याच्या शेजारी बसून मी गोव्याला निघालो. बांदा मागे पडला. मग तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "इंजेक्शन तुमच्या दुकानातला?"

"हो."

"जुना होता?"

"नाही रे. तारीख बघूनच दिलं."

"फ्रीज बंद पडलेलो?"

"नाही."

"कशावरून?"

त्या दिवशी तो मला टेम्पोतून उतरवून मारता तर मला नवल वाटलं नसतं.

रक्तपेढीने चौकशा केल्या, मॅडमना फोन लावून खातरजमा केली, आणि पिशव्या बर्फात बसवून एक पेटी हातात दिली. येताना ती पेटी मांडीवर घट्ट धरून मी बसलो होतो. इन्सुलीच्या नाक्यावर हात आडवा आला. गोव्याकडून येणारी मासळीची गाडी, आत मासळी नाही, आणि मांडीवर पेटी. नाक्यावरच्या हवालदाराच्या जागी मी असतो, तर मीही थांबवली असती.

"काय आहे पेटीत?"

"रक्त आहे साहेब, पेशंटसाठी," मी म्हणालो.

त्याने झाकण उघडायला लावलं. वाकून बघितलं आणि सरळ उभा राहिला. "रक्त तांबडं असतं. हे पिवळं काय आहे?"

खरंच ते पिवळट होतं. मी समजावू लागलो, की रक्तातला तांबडा भाग काढून घेतला की उरतं ते असं दिसतं. मी जितकं समजावत गेलो, तितकी त्याची खात्री पटत गेली की ही काहीतरी नवीन तऱ्हेची दारू आहे. गणपतचा तोल सुटला. "माझी आवस मरता थंय! तुका दारू दिसता?" हवालदाराने त्याला खाली उतरायला सांगितलं. बर्फ वितळत होता. मी मोबाइलवरून मॅडमना फोन लावला आणि तो हवालदाराच्या हातात दिला.

तो आधी ताठ आवाजात बोलत होता. मग नुसता ऐकू लागला. मग त्याने एक पिशवी उचलली आणि तिच्यावरचा कागद मोठ्याने वाचून दाखवला: रक्तगट, पेढीचा शिक्का, वापरायची मुदत. एकेक करून सगळ्या पिशव्यांवरचं वाचलं. फोन मला परत दिला आणि समोरच्या ट्रकला बाजूला व्हायला सांगून आमची वाट मोकळी केली.

"काय म्हणाल्या मॅडम?" निघता निघता मी विचारलं.

"म्हणाल्या, संशय घेतलात ते योग्यच केलंत. आता स्वतः वाचून खात्री करा, आणि वाचताय तसं मलाही ऐकवा, म्हणजे माझीही होईल."

इस्पितळात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मॅडम स्टुलावरच होत्या. कोमट पाण्याचं भांडं तयार होतं, त्यात थर्मामीटर बुडवलेला. पिशव्यांवरचे गट त्यांनी पुन्हा एकदा सुंदराच्या गटाशी ताडून बघितले, मग त्या पाण्यात धरून वितळवल्या आणि एकामागून एक चढवल्या. गणपत काचेच्या दाराबाहेर उभा राहून बघत होता, चोराच्या हातांकडे बघावं तसा.

दुसऱ्या दिवशीच्या फिल्मवर डाग तेवढाच होता, वाढला नव्हता. सुंदरा मात्र गुंगीत होती. हाक मारली की डोळे उघडायची, परत मिटायची. फाटकाबाहेर तिचे भाऊबंद जमले. "चलत्या-बोलत्या बायलेक डॉक्टरणीन मारल्यान," असं उघड बोललं जाऊ लागलं. मोठे डॉक्टर घाबरले. त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं. मी तिथेच औषधं द्यायला उभा होतो. ते म्हणाले, "झटकाच मोठा होता, असं सांगू या. खोटं काही नाही त्यात."

मॅडम सरळ बाहेर गेल्या आणि गणपतसमोर उभ्या राहिल्या.

"आईच्या डोक्यात रक्तस्राव झाला, तो मी दिलेल्या औषधामुळे झाला."

गणपतचा मामा पुढे सरकला. गणपतने त्याला हाताने थोपवलं. "म्हंजे तुमीच केल्यात."

"मीच केलं. देण्याआधी तुला सांगितलं होतं, पण केलं मीच. ह्या दोन्ही फिल्म घे. गोव्यात कुठल्याही डॉक्टरला दाखव. माझ्या ओळखीच्या कोणाकडे जाऊ नकोस. मी दिलं ते बरोबर होतं का, थांबवलं ते वेळेवर होतं का, सगळं विचार."

तो गेला. परत आल्यावर त्यांच्याकडे न जाता माझ्या दुकानात आला. म्हणाला, "तो डॉक्टर म्हणता, आणखी वायच उशीर झालो असतो तर खेळ आटोपलो असतो. बंद केल्यान म्हणान वाचली."

"मग झालं तर."

"काय झालां? तो पण डॉक्टरच. एकामेकाक सांभाळतले."

मॅडमही त्या आठवड्यात माझ्या दुकानात आल्या. "प्रभू, राग मानू नका. मला तुमच्यावरही संशय आहे." त्यांनी औषधाचा बॅच क्रमांक तपासला, वीज कधी गेली होती ते विचारलं, थर्मामीटर बघितला. मग खाली बसून स्वतःच्या मात्रेचा हिशेब माझ्याकडून पुन्हा करून घेतला. काजूवाल्याला बोलावून काटा परत तपासला. सगळं बरोबर होतं.

"मग असं का झालं मॅडम?"

"होतं. सगळं बरोबर करूनही होतं." चष्म्याच्या काचा पुसत त्या म्हणाल्या. "म्हणून तर तिथून उठायचं नसतं."

सुंदरा हळूहळू जागी झाली. घरी गेली ती चालत नव्हे, पण जिवंत गेली. इकडे मॅडमच्या दारात शुकशुकाट झाला. बाजारात, एसटी स्टँडवर एकच बोलणं: ती बाय इंजेक्शन देता आनि डोक्यात रक्त काढता. मुंबईचं जुनं पुराणही परत निघालं. मला लोक विचारायचे, "प्रभूनू, खरां काय ता सांगा, तुमी थंय होतास." मी सांगायचो, ते माझ्याकडेही तशाच नजरेने बघायचे. मॅडम रोज वेळेवर येत, रिकाम्या खोलीत बसत, आणि वेळेवर जात. कोणालाही काही समजवायला गेल्या नाहीत. पुढे माणसं परत येऊ लागली, कारण दुसरीकडे कोणी इतके प्रश्न विचारत नव्हतं. पण ती कुजबुज कायमची संपली, असं मला कधी वाटलं नाही.

आंब्याचे दिवस असतील. गणपतचा टेम्पो फाटकासमोर येऊन थांबला. तो स्वतः उतरला नाही, इंजिनही बंद केलं नाही. सुंदरा सुनेच्या खांद्याला धरून खाली आली. उजवा पाय ओढत होती, हात छातीशी मुडपलेला. केसांत अबोली होती. ती माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकली, आणि मॅडम वरून उतरून तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सुंदराला एकेक शब्द शोधून आणावा लागत होता.

"तुज्या... इंजेक्शनान माका मारल्यान. आनि... तूच वाचयलंस." ती दम घ्यायला थांबली. "आता... तुका काय म्हनू मी?"

मॅडम तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. मी त्यांना जमिनीवर बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"दोन्ही म्हण," त्या म्हणाल्या.

सुंदराने डाव्या हाताने त्यांच्या गालावर हलकेच चापट मारली. ती रागाची की मायेची, हे मला सांगता येणार नाही. बाहेर गणपतने हॉर्न दाबून धरला होता.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात मॅडमनी नोकरी सोडली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. एक दिवस आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी खोलीवर नवीन डॉक्टरांची पाटी लागली. भावाकडे वेंगुर्ल्याला गेल्या म्हणे. कोणी म्हणालं, पुण्याला. कोणी म्हणालं, मोठ्या डॉक्टरांनीच जायला सांगितलं. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, तर ते नुसते हसले आणि विषय बदलला.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. मी कुडाळला जायला स्टँडवर उभा होतो, दुपारची वेळ. बाजूच्या फलाटावर वेंगुर्ल्याची एसटी लागली होती, भरलेली. खिडकीशी आरोलकर मॅडम. गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर, आणि डोकं शेजारच्या अनोळखी म्हातारीच्या खांद्यावर. म्हातारीच्या मांडीवर फणसाची पिशवी होती. खांदा न हलवता ती एका हाताने शेंगदाणे खात होती. मी हाक मारायला खिडकीपर्यंत गेलो. म्हातारीने माझ्याकडे रोखून बघितलं. तिला माझा काय संशय आला कोण जाणे. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसरा हात मॅडमच्या मांडीवरच्या पिशवीवर आडवा धरला.

कंडक्टरने घंटी ओढली. मी मागे झालो. गाडी वळून रस्त्याला लागली तरी मॅडम जाग्या झाल्या नव्हत्या.